अलार्म अधिक दहा

माझा थोरला भाऊ कारखान्यांसाठी पडदे करायचा. कापडाचे नव्हेत. कारखान्यात यंत्रं चालवणारे ऑपरेटर दिवसभर कॉम्प्युटरच्या ज्या पडद्याकडे बघत बसतात, ते. कुठल्या टाकीत किती भरलंय, कुठला पंप चालू आहे, कुठे तापमान चढतंय, हे चित्रांत आणि आकड्यांत दाखवणारं आणि तिथूनच यंत्रं चालू-बंद करू देणारं सॉफ्टवेअर तो लिहायचा. कारखान्यांतली माणसं त्याला ‘पडदेवाले’ म्हणत. आमच्या जिन्यातल्या एका बाईंनी हे ऐकलं आणि खिडक्यांची मापं कागदावर लिहून त्याच्या हातात दिली. दादानं कागद खिशात घातला, ओशाळून हसला, आणि पुढच्या रविवारी वहिनीला घेऊन खरंच कापड बघायला गेला. कुणाला नाही म्हणणं त्याला आयुष्यात जमलं नाही.

कामात मात्र तो भोळा नव्हता. नव्या कारखान्यात गेला की पहिले दोन दिवस तो एक ओळ लिहायचा नाही. ऑपरेटरच्या शेजारी स्टूल टाकून बसायचा, त्यांचे हात कुठे जातात, नजर कुठे जाते ते बघायचा. “जो यंत्राजवळ बसतो त्याला विचारल्याशिवाय पडदा काढायचा म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल शिवायची,” असं म्हणायचा. त्याचा भागीदार यावर वैतागायचा, कारण दोन दिवस फुकट जात. पण ऑपरेटरांचा दादावर जीव होता.

आइस्क्रीमच्या कारखान्याचं काम आलं तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. तिथे सहा कोल्ड रूम होत्या आणि त्यांना थंड ठेवणारा एक प्रचंड कॉम्प्रेसर. तिथली थंडी अमोनियावर चालते. एका मोठ्या टाकीत खाली अमोनियाचा द्रव आणि वर वायू असतो. कॉम्प्रेसरनं फक्त वरचा वायू ओढायचा. द्रव त्याच्या पोटात गेला तर लोखंड तडकतं आणि बाहेर येणारा वायू डोळे, घसा, फुप्फुसं जाळतो. म्हणून टाकीतल्या पातळीवर दोन आकडे पहारा देतात. पातळी पन्नास टक्क्यांवर गेली की अलार्म वाजतो, म्हणजे लक्ष द्या. साठवर जाऊन मिनिटभर तिथेच टिकली की कॉम्प्रेसर आपोआप थांबतो.

तिथले मुख्य ऑपरेटर म्हणजे बर्फकाका. तीस वर्षं त्याच खोलीत काढलेला माणूस. थंड पाइप चाचपून चाचपून त्यांच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. चहाचा कप ते दोन्ही तळव्यांत धरत. दादा शेजारी बसला आणि दहा मिनिटांत चार वेळा अलार्म वाजला. चारही वेळा काकांनी न बघता, माशी हाकलावी तसा हात लांब करून तो बंद केला.

“दिवसातून किती वेळा वाजतो हा?” दादानं विचारलं.

“मोजायचं सोडलं मी. तुम्हाला हौस असेल तर मोजा.”

दादानं मोजलं. एका पाळीत एक्कावन्न वेळा. कोल्ड रूमच्या नळ्यांवर चढलेला बर्फ उतरवायला घेतला की टाकीतली पातळी काही सेकंद वर यायची आणि आपणहून खाली जायची. धोका काही नव्हता. नुसता कलकलाट.

“आता आकडा दोन-चारानं वर घ्यायचा म्हटलं,” काका म्हणाले, “तर तुम्हा पडदेवाल्यांच्या ऑफिसला फोन करा, तुम्ही आठ दिवसांनी येणार, पासवर्ड टाकणार, काम एका मिनिटाचं. म्हणजे घर आमचं आणि चावी परगावच्या पाहुण्याकडे. आम्हाला काय कळतं ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या हातात द्या की.”

दादाला ते पटलं. त्याचं पहिल्यापासून हेच मत होतं. त्यानं नवीन पडद्यावर ऑपरेटरांसाठी एक चौकट केली. आत जुना आकडा, नवा आकडा, बदलणाऱ्याचं नाव, वेळ आणि कारण. आकडा कुणी, कधी हलवला याची नोंद आपोआप राहणार.

त्या चौकटीच्या मागे आणखी दोन गोष्टी होत्या, आणि पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं, म्हणून त्या नीट सांगते.

पहिली ही. फार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात कुणीतरी अलार्मचा आकडा इतका वर नेला होता की यंत्र आधी थांबायचं आणि अलार्म मागून वाजायचा. तेव्हापासून दादानं दोन्ही आकडे एकमेकांना बांधून टाकले होते. प्रोग्रॅममध्ये एकच ओळ: थांबण्याचा आकडा म्हणजे अलार्म अधिक दहा. अलार्म पन्नास तर थांबणं साठ. अलार्म पंचावन्न केला तर थांबणं आपोआप पासष्ट. त्या ओळीचा त्याला अभिमान होता. सुटसुटीत होती ती.

दुसरी गोष्ट म्हणजे मर्यादा. अलार्म कुठवर वर नेता येईल याला कुंपण हवं. ते कुठे घालायचं हे कॉम्प्रेसर बनवणाऱ्या कंपनीकडून कळायचं होतं. कळेपर्यंत दादानं तिथे तात्पुरता नव्वद आकडा टाकला. हंगाम तोंडावर आला होता, मॅनेजर रोज फोन करत होते, भागीदार डोक्यावर बसला होता. पडदा सुरू झाला. सतरा दिवसांनी कंपनीची मेल आली: अलार्म साठच्या वर कधीही नको. दादा तेव्हा दुसऱ्या गावी दुसऱ्या कामावर होता. त्यानं मेल वाचली, तिच्यावर तारा लावला, आणि पुढच्या फेरीत बदलू म्हणून ठेवून दिली.

पुढची फेरी झालीच नाही, कारण कुणाची तक्रारच नव्हती. अलार्म दिवसाला दीडशेवरून सहा-सातवर आले. काकांनी फोन करून सांगितलं, “पडदेवाले, तीस वर्षांनी मला माझ्या खोलीत पंख्याचा आवाज ऐकू आला.” दादा घरी येऊन हे चार वेळा सांगत होता. त्यावर त्यानं इंजिनिअरांच्या एका सभेत भाषणही केलं. मी गेले होते. ऑपरेटरवर विश्वास टाका, असं तो म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तारा लावलेली मेल तेव्हा पाच महिन्यांची झाली होती.

कारखान्यात आकडा हळूहळू वर चालला होता. एकदम कुणी उडी मारली नाही. एका पाळीनं पन्नासचे छप्पन केले, दुसरीनं बासष्ट, मग सत्तर. कारणाच्या चौकटीत लोक नुसतं टिंब देत. दादाचा प्रोग्रॅम तेही चालवून घ्यायचा. मोठी ऑर्डर आली त्या आठवड्यात कोल्ड रूमचा बर्फ सारखा उतरवावा लागत होता, अलार्म पुन्हा डोकं उठवू लागला, आणि काकांनी ब्याऐंशीचे अठ्ठ्याऐंशी केले. त्यांच्या मनातला हिशेब साधा होता. अलार्म आपल्यासाठी आहे, क्षणभराच्या उसळीलाही वाजतो; पातळी साठवर टिकली तर यंत्र आपणहून थांबणारच. पडद्यावर त्यांना फक्त अलार्मचा आकडा दिसत होता. थांबण्याचा आकडा अठ्ठ्याण्णववर जाऊन बसलाय, हे दादाच्या त्या एका ओळीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास दादा माझ्याकडे होता. माझी सायकल उलटी करून चेन बसवत होता. फोन वाजला तेव्हा हात ग्रीसनं भरलेले, म्हणून मीच तो त्याच्या कानाला धरला. भागीदाराचा आवाज मलाही ऐकू येत होता. चार खोल्यांचा बर्फ एकदम उतरवला गेला, टाकी भरली, कॉम्प्रेसर फुटला, गॅस पसरला, एक माणूस आत होता.

दादानं पहिला प्रश्न विचारला तो मी विसरू शकत नाही. माणूस कोण, जिवंत आहे का, हे त्यानं नंतर विचारलं. आधी विचारलं, “पातळी किती होती?”

“त्र्याण्णव.”

तो सायकलशेजारी फरशीवर बसला. तेव्हाच त्याला सगळं कळलं होतं.

आत होता तो ऑइलवाला, कॉम्प्रेसरला तेलपाणी करणारा. काकांचा जावई. काकांनीच त्याला नोकरीला लावलं होतं. तो वाचला, पण डावा डोळा गेला आणि फुप्फुसं अशी भाजली की दोन जिने चढला तर खाली बसायचा.

चौकशी कारखान्याच्याच मीटिंगच्या खोलीत झाली. तीन माणसांची समिती. टेबलाच्या या बाजूला काका आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर दादा. समितीतल्या एकानं विचारलं, “यंत्र थांबलं का नाही?”

“पातळी थांबण्याच्या आकड्यापर्यंत पोचली नव्हती,” दादा म्हणाला.

“तो आकडा किती होता?”

“अठ्ठ्याण्णव.”

“इतका वर कुणी नेला?”

दादा मला नंतर म्हणाला की त्या क्षणी खरं वाक्य तोंडात आलं होतं. पण समोर नोंदीचा कागद होता, बाजूला भागीदार होता, आणि तोंडातून निघालं ते असं: “पडद्यावरचे सगळे बदल ऑपरेटरनी केलेले आहेत. प्रत्येक बदलाची नावानिशी नोंद आहे.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. समितीनं मान डोलावली आणि शेवटचं नाव वाचलं. बर्फकाकांचं.

काका म्हणाले, “मी अलार्मचा बदलला होता. थांबण्याचा बदलल्याचं मला आठवत नाही.”

“आठवत नाही, का केला नाही?” समितीबरोबर बसलेल्या मॅनेजरनी विचारलं.

काकांनी दादाकडे बघितलं. दादा कागदाकडे बघत होता. मग काका हळू आवाजात म्हणाले, “केला असेल. नोंद आहे म्हणतात तर केला असेल.”

टाकीवर पूर्वी एक वेगळा तरंगता खटका होता, पातळी फार चढली की प्रोग्रॅमशिवाय यंत्र बंद करणारा; तो बिघडल्यावर कारखान्यानं कधी बदलला नाही, हेही निघालं, पण अहवालात ते शेवटच्या पानावर गेलं. पहिल्या पानावर काका. त्यांना कंट्रोल रूममधून काढून गेटवर गाड्यांची नोंद करायला बसवलं.

दादानं त्यानंतर जे केलं ते बाहेरून बघणाऱ्याला भलेपणाच वाटला असता. ती ओळ त्यानं आणखी अकरा कारखान्यांत वापरली होती. तो एकेका ठिकाणी स्वतः गेला, दोन्ही आकडे एकमेकांपासून सोडवले, मर्यादा घातल्या, थांबण्याचा आकडा पडद्यावर ठळक दाखवला. “सुधारणा आहे,” एवढंच सांगायचा. लोक आभार मानत. प्रत्येक आभारानंतर तो घरी येऊन आंघोळ करायचा, दुपार असो की संध्याकाळ. वहिनीला वाटलं मधुमेह झालाय. रक्त तपासून आणलं. काही निघालं नाही.

दवाखान्यातही तो एकदा गेला. ऑइलवाल्याच्या वॉर्डच्या दारापर्यंत जाऊन फळांची पिशवी नर्सच्या टेबलावर ठेवली आणि परत फिरला.

शेवटी त्यानं मला सांगितलं. मी गच्चीवर कपडे काढत होते, तो वर आला, दोरीवरची एक चादर धरून उभा राहिला आणि सगळं बोलला. ओळ, नव्वदचा आकडा, तारा लावलेली मेल, समितीपुढचं वाक्य. मी चादरीचं दुसरं टोक धरलं होतं. आम्ही ती घडी करत होतो आणि तो बोलत होता.

“मी जाऊन सांगू का?” त्यानं विचारलं.

इथे मला माझंही सांगायला हवं. मी म्हटलं, “आता बोलून कुणाचा डोळा परत येणार आहे? काकांची नोकरी तर आहेच. तू सगळीकडे दुरुस्त केलंस, पुढे कुणाला काही होणार नाही. तुझं घर आहे, भागीदाराचं घर आहे. गप्प बस थोडे दिवस.” मला हे शहाणपणाचं वाटलं होतं. सांगताना आवाजही मोठ्या बहिणीसारखा काढला होता, असेन मी धाकटी. त्याला बहुतेक हेच ऐकायचं होतं. चादरीची घडी माझ्या हातात देऊन तो खाली गेला, आणि चार महिने गप्प बसला.

चार महिन्यांनी तो ऑइलवाल्याच्या घरी गेला. का गेला ते त्याला सांगता येत नाही. बसमधून चालला होता, त्यांच्या स्टॉपला उतरला. दोन खोल्यांचं घर, दाराशी लहान मुलांच्या चपला, खिडकीशी पडून राहायला एक खाट. काकांची लेक दारात आली. दादानं ओळख दिली तेव्हा तिनं लगेच आत बोलावलं, पाणी दिलं. कारखान्यातून फारसं कुणी फिरकत नव्हतं, त्यामुळे तिला बरंच वाटलं.

ऑइलवाला थांबत थांबत बोलत होता. राग नव्हता त्याच्या बोलण्यात. पडद्याची चूक नाही, पडदेवाल्यांनी तर आमच्यासाठी चांगलंच केलं होतं, असं तोच दादाला समजावत होता.

“सासरे येतात का बघायला?” दादानं विचारलं.

नवरा-बायकोनं एकमेकांकडे बघितलं. मग लेक म्हणाली, “आम्हीच जाणं-येणं बंद केलंय. आकडे वाढवले ते एक वेळ समजून घेतलं असतं. पण वर म्हणायचं की आठवत नाही? माझ्या नवऱ्याचा डोळा गेला आणि यांना आठवत नाही?” ती ग्लास उचलायला वाकली. “आता आई सांगते, खरंच विसरतात म्हणून. डॉक्टरकडे नेलं होतं. नोकरीही सोडली. एकटे बाहेर पडत नाहीत. खरं का सोंग, देव जाणे.”

दादा उठला. पाण्याचा ग्लास रिकामा केला होता, त्याची त्याला पुढे फार लाज वाटली. तिथून तो तसाच चालत बर्फकाकांच्या घरी गेला. पाऊण तासाचं अंतर.

दार काकूंनी उघडलं. काका टेबलाशी बसले होते, समोर शाळेच्या वहीसारखी एक वही. दादाला बघून ते उठले, नमस्कार केला, आणि वहीत काहीतरी लिहिलं. दादाला उलटं वाचता येत होतं: पडदेवाले आले, चार दहा. त्याच्या वर: गॅस बंद केला. बघितला. पुन्हा बघितला. त्याच्या वर: दाराला कडी लावली. त्याच्या वर काकूंच्या अक्षरात: औषध घेतलं.

“हल्ली लिहून ठेवावं लागतं,” काका म्हणाले. “डोक्याचा भरवसा नाही. इतकी मोठी गोष्ट केली आणि विसरलो, म्हटल्यावर बारीकसारीक काय काय विसरत असेन.”

“काका, तुम्ही विसरला नाहीत,” दादा म्हणाला.

“नाही कसं? नोंद होती ना.”

“नोंद अलार्मची होती. थांबण्याचा आकडा तुम्ही हलवलाच नाही. तो मी हलवला. म्हणजे मी लिहिलेल्या प्रोग्रॅमनं. तुम्ही अलार्म वर नेला की तो आपोआप दहा पुढे जायचा. पडद्यावर दिसत नव्हता. तुम्हाला कळायची सोयच नव्हती.”

काकांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “पुन्हा सांगा.”

दादानं पुन्हा सांगितलं.

“मी अठ्ठ्याऐंशी केले तेव्हा थांबणं कुठे होतं?”

“अठ्ठ्याण्णवला.”

“आणि मला काय वाटत होतं?”

“साठला असेल असं.”

“म्हणजे मला बरोबर आठवत होतं.”

“हो. पहिल्या दिवसापासून.”

काकांनी काकूंना हाक मारून स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं. “हिच्यासमोर सांगा,” ते म्हणाले. दादानं तिसऱ्यांदा सांगितलं. मर्यादेचं सांगितलं, मेलचं सांगितलं. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांचा हात कणकेनं माखलेला होता आणि चौकटीला कणीक लागत होती, पण त्यांनी हात हलवला नाही.

“त्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी बसला होता,” काका म्हणाले. “मी तुमच्याकडे बघितलं होतं.”

“हो.”

“मला वाटलं, हा माणूस आपल्या बाजूचा आहे. खोटं असतं तर बोलला असता.”

दादा माफी मागायला लागला, तेव्हा काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. वही फिरवून त्याच्यापुढे सरकवली आणि पेन दिलं.

“इथे लिहा. मी लिहिलं तर उद्या मलाच खरं वाटणार नाही. तुमच्या अक्षरात लिहा, खाली सही करा.”

दादानं लिहिलं. काय लिहिलं ते त्यानं मला शब्द न शब्द सांगितलं आहे: थांबण्याचा आकडा काकांनी बदलला नाही. तो माझ्या प्रोग्रॅममुळे बदलला. हे मला अपघाताच्या दिवसापासून माहीत होतं. खाली सही, तारीख. काकांनी वही उचलून मोठ्यानं वाचली, शेवटची ओळ दोनदा. मग म्हणाले, “आता हेच माझ्या लेकीला जाऊन सांगा. आणि समितीला. मग इकडे येऊ नका.”

लेकीला सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा त्याच दारात उभा राहिला. तिनं आत बोलावलं नाही, उंबऱ्यातच ऐकून घेतलं. ती रडली नाही की ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “काल इथे बसून पाणी प्यायलात. मी वडिलांबद्दल काय काय बोलले, ते ऐकून घेतलंत.” तिनं आतून पिशवी घेतली, पायात चपला घातल्या, दादाला ओलांडून जिना उतरली आणि माहेरी गेली. दादा खिडकीशी पडलेल्या ऑइलवाल्याबरोबर एकटाच राहिला. त्यानं ऐकलं होतं सगळं. तो म्हणाला, “दार लोटून घ्या, वारा येतो.” दादानं दार लोटलं आणि बाहेर पडला.

समितीला त्यानं चार पानी पत्र दिलं. चौकशी पुन्हा झाली. नव्या अहवालात दोष वाटला गेला: सॉफ्टवेअरचा मोठा, खटका न बदलणाऱ्या कारखान्याचा मोठा, आणि न विचारता आकडे वाढवत नेणाऱ्या पाळ्यांचा थोडा. काकांचं नाव इतर पाच नावांच्या ओळीत गेलं. भागीदार त्याच दिवशी वेगळा झाला. तो दादाला म्हणाला, “सांगायचंच होतं तर तेव्हा सांगायचं होतंस. आता तू आम्हा सगळ्यांना खोटारडे ठरवलंस.” दादा म्हणतो की भागीदाराचं हे बोलणं अगदी बरोबर होतं.

कारखान्यानं दुसऱ्या लोकांकडून नवा पडदा करून घेतला. त्या वेळी ऑपरेटरांच्या हातून आकडे काढून घ्यावेत, असं मॅनेजरांच्या मनात होतं. नियम ठरवायला काकांना बोलावलं. निवृत्त झाले होते तरी गेले, वही न घेता. तिथे ते म्हणाले, “काढून घेऊ नका. पुन्हा दिवसाला दीडशे वेळा वाजेल आणि पुन्हा आम्ही न बघता बंद करू. बदलू द्या, पण कुठवर ते बांधून द्या, एका माणसानं बदललं तर दुसऱ्यानं बघून हो म्हणू द्या, आणि एक हलवलं की आणखी काय हललं ते त्याच जागी मोठ्या अक्षरात दाखवा.” दादाला हे ऑइलवाल्याकडून कळलं. त्यानं ते वाक्य लिहून घेतलं. स्वतःच्या भाषणाची कात्रणं मात्र त्यानं आधीच फाडून टाकली होती.

ऑइलवाल्याशी त्याची गाठ पडते ती डोळ्यांच्या दवाखान्यात. उरलेल्या डोळ्याची दर सहा आठवड्यांनी तपासणी असते, बसनं जाताना त्याला धाप लागते. दादानं निरोप धाडला की मी गाडीनं नेईन. लेकीनं दोन वेळा नाही म्हणून कळवलं, तिसऱ्या वेळी काही कळवलं नाही, तेव्हा तो जाऊन खाली उभा राहिला. ती अजून त्याच्याशी बोलत नाही. नवऱ्याला गाडीपर्यंत सोडते, पट्टा लावते, दार बंद करते. काका बरे आहेत, एकटे बाजारात जातात, पण दादासमोर आले तर रस्ता बदलतात. दादाही मग आपला रस्ता बदलतो, त्यांना वळायला लागू नये म्हणून.

आणि मी गच्चीवर काय बोलले होते, ते त्या घरात कुणालाच ठाऊक नाही. दादानं सांगितलं नाही. मी एकदा म्हटलं, मीही येते, सांगते. तो म्हणाला, “तू सल्ला दिलास. घेतला मी.” मला हे सोपं वाटलं आणि मी गेले नाही. ते चार महिने काकांनी गॅस पुन्हा पुन्हा बघण्यात घालवले, हे कळल्यावरही गेले नाही.

दादा आता एका दुसऱ्या कंपनीत नोकरी करतो. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासायचं काम आहे. मेलवर तारा लावत नाही. आली की उठतो आणि करून येतो. तिथले लोक त्याला खडूस म्हणतात. परवा दवाखान्यात नंबर यायला वेळ होता, तेव्हा ऑइलवाल्यानं त्याला सहज विचारलं, “तुम्ही सांगितलंच नसतं, तर काय झालं असतं?”

दादानं थोडा विचार केला.

“तरीही मी तुम्हाला इथे आणलं असतं,” तो म्हणाला. “आणि तुम्ही मला भला माणूस समजला असता.”

आतून ऑइलवाल्याचं नाव पुकारलं गेलं. दादानं त्याला कोपराला धरून उठवलं, दारापर्यंत नेलं, आणि परत येऊन बाकावर बसला.